गणपतीपुळ्याचा घुमट बांधणारे अण्णाजी दत्तो हत्तीच्या पायाखाली का गेले?

गणपतीपुळ्याला जाणाऱ्या माणसाचा कार्यक्रम ठरलेला असतो. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने समुद्र बघत जायचं, दर्शन घ्यायचं, डोंगराला प्रदक्षिणा घालायची, बाहेर येऊन कोकम सरबत प्यायचं आणि ऊन उतरलं की किनारा गाठायचा. इथे डोंगर हाच देव, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला. या सगळ्यात देवळाचा इतिहास सांगणारी माहिती फार कुणी वाचत नाही. पण वाचली, तर तिथे एक नाव येतं आणि मालिका-सिनेमे बघणारा माणूस दचकतो.

ते नाव आहे अण्णाजी दत्तो.

देवस्थानचा इतिहास असा सांगितला जातो. बाळंभटजी भिडे यांना झालेल्या दृष्टांतानंतर इथली स्वयंभू मूर्ती सापडली आणि तिच्यावर गवताने शाकारलेलं छोटं देऊळ उभं राहिलं. पुढे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले सचिव अण्णाजी दत्तो यांनी त्या जागी घुमट बांधला. नंतर पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांनी सभामंडप बांधला, कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी सोन्याचा मुलामा दिलेला कळस चढवला, आणि नंदादीपाची सोय नानासाहेब पेशव्यांनी केली. आज दिसणारं देऊळ अलीकडच्या जीर्णोद्धारानंतरचं आहे. पण या परंपरेत अण्णाजींचं नाव पहिल्या बांधकामाशी कायमचं जोडलं गेलं.

आता हेच नाव मोबाईलवर सर्च करून बघा. गद्दार, कारस्थानी, विषप्रयोग, हत्तीच्या पायी. गेममध्ये असा व्हिलन मेला की त्याला पुढच्या भागात कधीकधी दुसरी संधी मिळते, त्याची बाजू कळते, क्वचित तो सुधारतोही. इतिहासात मेलेल्या माणसाला पुढचा भाग नसतो. त्याचं पुढे काय करायचं ते मागे राहिलेले ठरवतात.

म्हणून सुरुवातीपासून बघू. हा माणूस नेमका कोण होता?

हिशोबाचा माणूस

अण्णाजी दत्तो प्रभुणीकर हे शिवाजी महाराजांच्या अगदी सुरुवातीच्या कारभाऱ्यांपैकी. १६६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे सुरनिशी आली. सुरनीस म्हणजे सरकारी कागदपत्रं तपासणारा, परगण्यांचे हिशोब बघणारा, मजकुरात चूक दिसली तर दुरुस्त करणारा अधिकारी. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा पदांना संस्कृत नावं मिळाली आणि सुरनिसाचा सचिव झाला.

पण त्या काळात नुसतं दप्तर सांभाळून भागत नसे. अष्टप्रधानांपैकी पंडितराव आणि न्यायाधीश सोडले, तर बाकीच्यांना वेळ आली की घोड्यावर बसावं लागे. अण्णाजींच्या नावावर असलेली सगळ्यात मोठी मोहीम पन्हाळ्याची.

पन्हाळा महाराजांनी १६५९ मध्ये घेतला होता, पण पुढच्याच वर्षी तो सोडावा लागला. तो परत मिळवायची जबाबदारी १६७३ मध्ये अण्णाजींवर आली. गडावर चढायचं काम कोंडाजी फर्जंद यांचं. मार्च महिन्यातल्या एका अंधाऱ्या रात्री कोंडाजी फक्त ६० माणसं घेऊन कडा चढले. अण्णाजी मागची फौज घेऊन खाली रानात थांबले होते. किल्लेदार मारला गेला, गड ताब्यात आला. कवी जयराम पिंडे याने याच घटनेवर त्याच काळात संस्कृत काव्य रचलं, 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान'. कोंडाजींवर आता सिनेमाही आहे. खाली रानात थांबलेल्या सचिवावर कोण सिनेमा काढणार?

अण्णाजींचं खरं काम मात्र लढाईचं नव्हतं. ते होतं जमीन मोजण्याचं.

काठी, बिघा आणि भातखाचर

शिवकाळाआधी कोकणातला शेतसारा बऱ्याचदा अंदाजपंचे ठरायचा. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये देशमुख, देसाई, खोत अशी माणसं असत. वर किती द्यायचं आणि खालून किती घ्यायचं, यातला फरक त्यांच्या घरात राही. हे मोडायचं तर आधी जमीन किती आहे ते कळायला हवं.

त्यासाठी काठी ठरवली गेली, लांबी पाच हात पाच मुठी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. १२० बिघ्यांचा एक चावर. नुसती मोजून भागत नव्हतं, जमिनीची प्रतही बघायची होती. कोकणात हे किचकट आहे, हे तिथे शेती असणाऱ्या कुणालाही सांगायला नको. एका बांधाच्या अलीकडे चांगलं भातखाचर असतं आणि पलीकडे कातळ. खाडीच्या कडेला खारवट. डोंगरउतारावर नाचणी-वरी घेण्यापुरती वरकस जमीन. सगळ्यांना एकच सारा लावला तर कातळवाला मरणार. म्हणून प्रतवारी करून दर ठरवला गेला. पिकाचे पाच भाग, त्यातले दोन सरकारला आणि तीन शेतकऱ्याला, हे प्रमाण सभासद बखरीत नोंदलेलं आहे. नव्याने येऊन जमीन कसणाऱ्याला गुरंढोरं, बी-बियाणं उसनं मिळे आणि ते हप्त्याहप्त्याने फेडायचं असे.

पाचातले दोन हा आजच्या हिशोबाने हलका कर नाही. पण किती द्यायचं ते आधी ठरलेलं असणं, आणि ते मधल्या माणसाच्या मर्जीवर नसणं, ही मोठी गोष्ट होती. धोरण महाराजांचं होतं. ते गावोगाव उतरवणाऱ्यांमध्ये अण्णाजींचं नाव पहिलं घेतलं जातं. शिवशाहीतली जमीनमोजणी म्हटलं की आजही अभ्यासक त्यांचंच नाव सांगतात.

दक्षिण कोकणच त्यांच्याकडे होतं. चौल, दाभोळपासून राजापूर, कुडाळ, बांदा आणि खाली फोंड्यापर्यंतचा किनारा त्यांच्या देखरेखीखाली. गणपतीपुळे याच पट्ट्यात येतं. त्यामुळे तिथल्या देवळाशी त्यांचं नाव जोडलं जाण्यात नवल काही नाही.

मग बिघडलं कुठे?

महाराज १६७६ च्या शेवटी दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले. मागे कारभार तीन प्रधानांवर सोपवला होता. उत्तरेकडचा भाग मोरोपंत पिंगळ्यांकडे, दक्षिण कोकण अण्णाजींकडे आणि घाटावरचा मुलूख दत्ताजीपंतांकडे. युवराज संभाजीराजे यांना संगमेश्वरजवळच्या शृंगारपूरला ठेवलं गेलं. एकोणीस-वीस वर्षांचा युवराज आणि अनेक वर्षं कारभार हाकलेला मंत्री, दोघं एकाच मुलखात. ऑफिसमध्ये मालकाचा मुलगा आणि जुना मॅनेजर यांच्यात जे होतं ते डोळ्यांपुढे आणा. फक्त इथे डाव राज्याचा होता.

त्यात १३ डिसेंबर १६७८ ला संभाजीराजे मोगलांच्या दिलेरखानाकडे गेले. वर्षभराने परत आले, महाराजांनी त्यांना पन्हाळ्यावर ठेवलं. ते का गेले यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. पण रायगडावरच्या प्रधानांना या घटनेने एक कारण मिळालं, हे नक्की. शत्रूकडे जाऊन आलेल्या युवराजाच्या हाती गादी द्यायची का, हा प्रश्न आता उघड विचारता येत होता. तो प्रश्न राज्याच्या काळजीतून आला की स्वतःच्या खुर्चीच्या? मला वाटतं दोन्ही. राजाराम महाराज तेव्हा दहा वर्षांचे होते, आणि दहा वर्षांच्या राजाच्या नावाने कारभार कोण करणार हे सगळ्यांना कळत होतं.

३ एप्रिल १६८० ला शिवाजी महाराज गेले. पन्हाळ्यावरच्या थोरल्या मुलाला कळवलं गेलं नाही. त्याच महिन्यात, २१ एप्रिलला, राजारामांना मंचकावर बसवलं गेलं. पाठीशी सोयराबाई, आणि पुढे अण्णाजी व मोरोपंत. संभाजीराजांना पन्हाळ्यावरच अडकवून ठेवायचे हुकूम गेले, पण बातमी फुटली आणि गड राजांनीच ताब्यात घेतला. मग हे दोघे प्रधान फौज घेऊन त्यांना पकडायला निघाले.

आणि वाटेत कऱ्हाडजवळ सरसेनापती हंबीरराव मोहिते यांनी या दोघांनाच पकडलं. हंबीरराव म्हणजे सोयराबाईंचे सख्खे भाऊ. भाचा गादीवर बसलेला असताना त्यांनी सवतीच्या मुलाची बाजू घेतली. कैद केलेले प्रधान पन्हाळ्यावर हजर केले गेले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. राजाविरुद्ध फौज घेऊन निघालेल्या माणसाला त्या काळात जगात कुठेही एकच शिक्षा होती. पण संभाजी महाराजांनी ती दिली नाही. काही काळ कैदेत ठेवलं, मग सोडलं. १६ जानेवारी १६८१ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अण्णाजींना पुन्हा प्रधानमंडळात घेतलं, मुजुमदारी दिली. मोरोपंत तोवर वारले होते, त्यांचं पेशवेपद त्यांच्या मुलाला मिळालं.

म्हणजे अण्णाजींना दुसरी संधी मिळाली होती. जिवंतपणी, आणि ज्याचा अपराध केला त्याच्याच हातून.

दुसरी वेळ

त्याच वर्षीच्या जूनमध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहजादा अकबर मराठी मुलखात आला. त्याला सुधागडाजवळ पालीच्या परिसरात उतरवलं होतं. ऑगस्टमध्ये संभाजी महाराजांवर विषप्रयोगाचा प्रयत्न झाला. ही बातमी इंग्रजांच्या वखारीतल्या त्या काळच्या पत्रांत आहे, म्हणून ती नंतरच्या बखरकारांची कल्पना म्हणून झटकता येत नाही. प्रयत्न फसला. मग कटवाल्यांनी अकबराला पत्र लिहून मदत मागितली आणि बदल्यात राज्यातला वाटा देऊ केला. अकबर स्वतःच संभाजी महाराजांच्या आसऱ्याला होता. त्याने ते पत्र महाराजांपर्यंत पोचवलं.

सप्टेंबर १६८१ च्या मध्याला शिक्षा झाली. अण्णाजी दत्तो, त्यांचे भाऊ सोमाजी, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस आणि त्यांचा मुलगा आवजी. हत्तीच्या पायी. सुधागडाच्या परिसरात हे घडलं असं मानलं जातं. तिथून पालीचा बल्लाळेश्वर फार लांब नाही. एका गणपतीच्या देवळाशी नाव जोडलेला माणूस दुसऱ्या गणपतीच्या शेजारगावात संपला. सोयराबाईंचं निधन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये झालं.

एक कट, तीन आठवणी

आता मजा बघा. एकाच कटात, एकाच सुमाराला, एकाच पद्धतीने मेलेल्या या माणसांची आठवण आपण किती वेगवेगळी ठेवली आहे.

हिरोजी फर्जंद म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? आग्रा. १६६६ साली महाराज निसटले तेव्हा त्यांच्या जागी पलंगावर पांघरूण घेऊन झोपलेला माणूस. शाळेच्या पुस्तकात तो तिथेच थांबतो. पंधरा वर्षांनी त्याच माणसाला महाराजांच्या मुलाने मृत्युदंड दिला, हे मला कॉलेज संपल्यावर कळलं. (रायगड बांधणारे हिरोजी इंदुलकर वेगळे, गल्लत नको.)

बाळाजी आवजी यांच्याबद्दल परंपरा म्हणते की ते निर्दोष होते. पत्रावर हस्ताक्षर त्यांच्या मुलाचं होतं, आणि नंतर महाराजांना पश्चात्ताप झाला. येसूबाईंनी त्यांच्या दुसऱ्या मुलाला, खंडो बल्लाळला, वाचवल्याची आठवण सांगितली जाते. हाच खंडो बल्लाळ पुढे राजाराम महाराजांसोबत जिंजीला होता. जिंजीच्या वेढ्यातून महाराजांना बाहेर काढण्यासाठी त्याने गणोजी शिर्क्यांची मदत मिळवली आणि बदल्यात स्वतःचं कोकणातलं वतन सोडलं, अशी हकीकत आहे. हो, तेच गणोजी शिर्के, ज्यांच्यावर संभाजी महाराजांना पकडून दिल्याचा आरोप केला जातो. इतिहासात गद्दार आणि वाचवणारा हे कधीकधी एकाच माणसाचे दोन महिने असतात.

बाळाजींच्या चांगल्या नावामागे आणखी एक गोष्ट आहे. त्यांचं घराणं लिहिणाऱ्यांचं. त्यांचेच वंशज मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठी बखर लिहिली. तिच्यात आपला पूर्वज स्वच्छ आहे आणि संभाजी महाराज तापट, व्यसनी, बेजबाबदार. जवळजवळ दीडशे वर्षं मराठी नाटकं आणि कादंबऱ्या याच रंगात चालल्या. व्हिलन म्हणावा इतकं वाईट चित्र तेव्हा संभाजी महाराजांचं होतं. अण्णाजींच्या मुलीवरून रचलेली एक कहाणीही त्याच काळात फिरत राहिली.

हे चित्र बदललं वा. सी. बेंद्रे यांनी. वर्षानुवर्षं कागद गोळा करून त्यांनी १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र छापलं, तेव्हा महाराजांना जाऊन २७१ वर्षं झाली होती. मग कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' आला. बदनामीच्या कहाण्यांना समकालीन आधार नाही हे दिसलं. १९७९ च्या शिवाजी सावंतांच्या 'छावा'ने हा राजा घराघरात नेला. मेल्यानंतर न्याय मिळणं म्हणजे काय, याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण हेच.

पण त्यात एक गडबड झाली. राजाच्या अंगावरचा काळा रंग खरवडून काढला, आणि तोच डबा प्रधानाच्या डोक्यावर ओतला. अण्णाजींनी केलं ते कागदात आहेच: १६८० ची चाल आणि १६८१ चा कट. मालिकांना तेवढं पुरलं नाही. त्यांना पहिल्या एपिसोडपासून कपाळाला आठ्या घालून कोपऱ्यात कुजबुजणारा माणूस हवा होता. मग पन्हाळा गेला, मोजणी गेली, वीस-बावीस वर्षांची चाकरी गेली. त्याच्या पुढची पायरी आणखी वाईट. अण्णाजी ब्राह्मण आणि बाळाजी कायस्थ, म्हणून आजच्या जातीच्या भांडणात त्यांना दोन्ही बाजूंनी ओढलं जातं. एक बाजू त्यांच्या नावावरून अख्ख्या समाजाला शिव्या घालते, दुसरी कट झालाच नाही असं म्हणायला लागते. त्यांना पकडणारे हंबीरराव सोयराबाईंचे भाऊ होते, आणि कटात मेलेले हिरोजी ना ब्राह्मण होते ना कायस्थ, हे दोघांनाही अडचणीचं.

मग माफी द्यायची का?

आपल्या पुराणांत खलनायकांची सोय बरी लावलेली आहे. वैकुंठाचे द्वारपाल जय-विजय शापामुळे तीन जन्म असुर होतात. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र. दर वेळी विष्णूच्या हातून मरतात आणि शेवटी परत दारावर उभे राहतात. रावण पडल्यावर बिभीषण अंत्यसंस्काराला कचरतो, तेव्हा राम त्याला ते करायला लावतो. वैर तिथे संपतं. पण रामाने रावणाचा अपराध पुसला नाही, त्याला फक्त माणसासारखी शेवटची वागणूक दिली.

माझ्यापुरतं मला अण्णाजींना निर्दोष ठरवायचं नाही. पहिल्या वेळी त्यांची बाजू समजू शकते. दुसऱ्या वेळी नाही. माफी मिळून, पद मिळून, ज्याने जीव राखला त्याच्याच ताटात विष कालवण्याच्या कटात त्यांचं नाव येतं. शिवाय तेव्हा मोगलांची मोठी फौज दख्खनकडे वळत होती, औरंगजेब स्वतः यायच्या बेतात होता. अशा वेळी राज्याचा वाटा देऊ करणं याला सौम्य शब्द नाही. पण ज्या कोकणात कातळावरच्या शेतकऱ्याला भातखाचराचा सारा लागू नये म्हणून काठी फिरली, तिथे त्या काठीमागे हाच माणूस होता, हेही पुसायचं कारण नाही. एकाने दुसरं फिटत नाही.

गणपतीपुळ्याच्या देवळाने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवलेला दिसतो. सभामंडप बांधणारे गोविंदपंत बुंदेलेही तसे वादातलेच. ते शेजारच्या नेवऱ्याचे. पानिपतच्या मोहिमेत पैसा आणि रसद वेळेवर पोचवली नाही, असा ठपका त्यांच्यावर आहे, आणि त्याच मोहिमेत डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीच्या माणसांनी त्यांचं डोकं उडवलं. देवस्थानच्या इतिहासात यातलं काही येत नाही. पानिपत नाही, विष नाही, हत्ती नाही. अण्णाजी दत्तो, सचिव, यांनी घुमट बांधला. एवढंच येतं, आणि पुढे कळस कुणी चढवला ते सुरू होतं.